झेडशेल, सात महिन्यांनी: एका स्लॅशची कटकट

झेडशेल म्हणजे टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आपल्या कमांड घेणारा प्रोग्रॅम. त्याच्या थीम आणि टॅब-कम्प्लीशनचं कौतुक पुष्कळांनी करून झालंय. मी फक्त मागचा शब्द खोडण्याबद्दल लिहितोय.

मी म्हापशाला घरून काम करतो. जूनमध्ये वीज गेली, राउटर बंद, सर्व्हरचं सेशन तुटलं. परत लॉगिन करून टाइप केलं: /व्हार/लॉग/एनजिनएक्स/अ‍ॅक्सेस.लॉग. बघायची होती एरर.लॉग. मागचा शब्द खोडायला ऑल्ट-बॅकस्पेस दाबलं आणि अख्खा पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, साफ! बॅश या दुसऱ्या शेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू मोकळ्या जागेपर्यंत सगळं खातो, पण ऑल्ट-बॅकस्पेस तरी टिंब, स्लॅश अशा चिन्हांपाशी थांबतो. झेडशेलमध्ये दोन्हींची वागणूक एकच, कारण वर्डचार्स नावाच्या यादीत स्लॅश, टिंब, हायफन सगळे शब्दाचाच भाग धरलेत.

मित्र म्हणाला, "अरे, पैसे भरून चांगलं टर्मिनल घे ना." दरमहा भाडं, एका स्लॅशसाठी? नको रे बाबा.

मग शब्द कुठे संपतो ते ठरवणारी झेडशेलची सोय, सिलेक्ट-वर्ड-स्टाइल, चालू करून 'बॅश' निवडलं. महिनाभर खूश होतो, तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. पण एका गेस्टहाउसचं काम आलं, त्यांच्या फाइल्स 'कळंगुट-रूम-दर-जून' अशा. आता प्रत्येक हायफनपाशी थांबणार, म्हणजे एक नाव खोडायला चारदा ठोकायचं! शेवटी ते काढलं आणि झेडशेलच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकली: वर्डचार्समधून फक्त स्लॅश वगळा. आता अ‍ॅक्सेस.लॉग एका फटक्यात जातं, आधीचा पाथ जागेवर राहतो. चुकून जास्त खोडलं तर कंट्रोल-वाय सगळं परत आणतो. हे मला पाचव्या महिन्यात कळलं, लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या एका सर्व्हरवर मात्र बॅशच. तिथे इनपुटआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये कंट्रोल-डब्ल्यूला बॅकवर्ड-किल-वर्ड (ऑल्ट-बॅकस्पेसचंच काम) जोडलं, तर ढिम्म फरक नाही. दोन संध्याकाळी गेल्या. ती कळ टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आधीच अडकलेली असते आणि रीडलाइन, म्हणजे बॅशचा टाइप केलेली ओळ सांभाळणारा भाग, ते सेटिंग दर वेळी पुन्हा लावते. इनपुटआरसीत 'बाइंड-टीटीवाय-स्पेशल-चार्स' ऑफ करून ते थांबवल्यावरच सुटका झाली.

तक्रार एवढीच की बोटांना आता भलती खोड लागलीय. परवा ब्राउझरमध्ये वीजबिल भरताना ग्राहक क्रमांक चुकला, सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं, टॅबच गायब. बिल बायकोने फोनवरून भरलं.