तळहातावरचा आकडा आणि बाबांच्या गोळ्या

बाबांना गोळ्या विकणारा माणूस ओळखीचाच, त्यामुळे हे जाहीरपणे लिहावं की नाही, असं वाटत होतं. पण आता तोच बाबांच्या मित्रांकडे यंत्र घेऊन फिरतोय, म्हणून लिहिते आहे.

छोटंसं यंत्र. त्यावर तळहात टेकवला की निळसर प्रकाश पडतो आणि आकडा येतो. बाबांचा आकडा लाल पट्ट्यात आला. ‘काका, तुमचं शरीर आतून गंजतंय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार आहे. हार्ट अटॅक, कॅन्सर, म्हातारपण, सगळ्याचं मूळ हेच.’ बाबा आयुष्यभर सिगारेट ओढत आलेले, त्यात हल्ली दम लागतो म्हणून आधीच धास्तावलेले. त्यांनी वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे आगाऊ भरले. पुढच्या खेपेला आकडा हिरव्या पट्ट्यात गेला आणि बाबांचा विश्वास पक्का झाला.

खरी लबाडी इथे आहे. ते यंत्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजतच नाही. ते त्वचेत साठलेली कॅरोटीनॉइड्स, म्हणजे भाज्या-फळांतून येणारी पिवळी-केशरी रंगद्रव्यं मोजतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात ती मुळातच कमी असतात, त्यामुळे त्यांचा आकडा सहसा खालीच, म्हणजे लाल पट्ट्याकडे येतो. आणि गोळीत काय होतं? बीटा कॅरोटीन, म्हणजे त्याच गटातलं रंगद्रव्य. जे रोज पोटात गेलं तेच कातडीत उतरलं आणि यंत्राने तेच मोजलं! तब्येत सुधारल्याचा त्यात काहीही पुरावा नाही.

मूळ शास्त्र खोटं नाही, म्हणून तर शिकलेली माणसंही फसतात. पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा ऑक्सिजनपासून काही अतिक्रियाशील रेणू निसटतात आणि त्यांनी डीएनए, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ यांना इजा होते. हे रेणू शरीराला आवरेनासे झाले की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ताण म्हणतात. वार्धक्य याच इजेतून येतं, असं डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं. धमन्या कठीण होणं, मधुमेहातली गुंतागुंत, मेंदूचे काही आजार यांत या ताणाचा हात दिसतो. पण तोच एकटा कारण आहे की आजारामुळे तो वाढतो, हे दरवेळी वेगळं करता येत नाही. शिवाय हे रेणू निव्वळ शत्रूही नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात.

मग बाहेरून अँटिऑक्सिडंट, म्हणजे या रेणूंना आवर घालणारे बीटा कॅरोटीनसारखे पदार्थ, घेतले तर बरंच की, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं, म्हणून त्यांनी तपासून पाहिलं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन केलेली मोठी चाचणी तर १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कॅन्सरही वाढला होता आणि मृत्यूही. त्या चाचणीत सिगारेट सोडलेले लोकही होते.

हे वाचल्यावर माझे हातपाय गार पडले. ज्या माणसाने ही गोळी टाळायला हवी, नेमकी त्यालाच ती भीती घालून विकली होती. ‘सिगारेट ओढता का?’ एवढंही त्याने विचारलं नव्हतं.

पैसे परत मागितले तर म्हणाला, ‘आमचं नैसर्गिक आहे, त्याने अपाय कसा होईल?’ डबीवर मात्र बारीक अक्षरात छापलंय की हे उत्पादन कोणत्याही आजाराच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. कॅन्सर, हार्ट अटॅक हे सगळं तो फक्त तोंडाने बोलला होता, त्यामुळे तक्रार करायची म्हटलं तर हातात कागद नाही. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तुमच्या घरी कुणी असं यंत्र घेऊन आलं, तर तो जे सांगतोय ते आधी लिहून, सही करून मागा. घरात अशी डबी असेल आणि कुणी सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर आजच लेबलवर बीटा कॅरोटीन आहे का ते बघा. असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डबी डॉक्टरांना दाखवा.