आधी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी की थेट मॅन्युअल?

नवा कॅमेरा हाती आला की ‘पहिल्या दिवसापासून मॅन्युअलवरच (म्हणजे सगळं स्वतः ठरवून) शीक’ असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (कॅननच्या डायलवर एव्ही, निकॉनवर ए) अ‍ॅपर्चर (भिंगातलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. पावसाळ्यात सह्याद्रीत ढग सरकले की क्षणात उजेड बदलतो. मॅन्युअलवरचा नवखा तिथे डायल फिरवत राहतो आणि फ्रेम निसटते. शिवाय एफ/२.८ (मोठं छिद्र) वरून एफ/८ (लहान छिद्र) वर गेल्यावर मागची झाडं कशी स्पष्ट होत जातात, हे निवांत पाहता येतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मात्र समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. म्हणून गडद पाण्यावरचा बगळा पांढराफटक उमटतो, पिसांचे तपशील जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) −१ केलं की प्रकाश निम्मा होतो आणि पिसं दिसू लागतात. नवशिक्याने सगळ्यात आधी हेच बटण शोधावं. शटरचा वेग १/६० सेकंदाच्या खाली घसरला, म्हणजे मंद झाला, तर आयएसओ वाढवा.

मॅन्युअल लागतो तो उजेड ठरलेला असतो तिथे. रंगमंचावरचा काळा पडदा मीटरला फसवतो, चेहरे जळतात, म्हणजे पांढरेफटक उमटतात. एफ/२.८, १/२००, आयएसओ १६०० लावून एक फोटो घ्या, चेहरा पाहून शटर सुधारा, मग प्रकाशयोजना बदलेपर्यंत हात लावू नका. आतषबाजीलाही मॅन्युअलच: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, शटर २ ते ४ सेकंद.

कॅमेरा कोणता शटर निवडेल हे आधीच ओळखता येऊ लागलं, की मॅन्युअलकडे वळा.