सशाच्या झडीला कोणता ब्रश? सात महिन्यांच्या वापरानंतर

घरात दोन ससे: एक आखूड केसांचा, दुसरा मानेभोवती आयाळ असलेला लायनहेड. सात महिन्यांत दोघांच्या दोन-दोन मोठ्या झडी झाल्या, म्हणजे जुने केस गळून नवे आले. रबरी हातमोजा, रबरी ब्रश, स्टीलचा बारीक कंगवा, तारांचा ब्रश आणि पात्याचं डीशेडिंग टूल (गळते केस ओढून काढायचं साधन), अशी पाच साधनं वापरून झाली. रोजच्या वापरात उरली दोनच: रबरी ब्रश आणि स्टीलचा कंगवा.

आधी पात्याचं टूल, कारण दुकानात पहिल्यांदा तेच हातात देतात. पहिल्याच दिवशी मूठभर केस निघतात आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ते केस काळ्या कापडावर पसरून उजेडात बघा. आपोआप गळलेला केस अख्खा असतो, टोकाकडे निमुळता होत गेलेला. या ढिगात कितीतरी केस मध्येच तुटलेले, बोथट टोकाचे निघाले. म्हणजे पातं गळत्या केसांबरोबर वरचे चांगले, राठ केसही कापत होतं. दोन आठवड्यांत पाठीवर निस्तेज पट्टे उमटले. त्यात सशाची कातडी फार पातळ. पोटावर किंवा मांडीच्या आतून पातं जरा तिरकं लागलं तरी फाटते. सशासाठी हे घेऊच नका, छोट्या आकाराचं म्हणून विकतात तेही नको.

तारांच्या ब्रशच्या टोकांना प्लास्टिकचे मणी होते. चौथ्या महिन्यापासून मणी गळू लागले, आणि उघडी तार सुईसारखी टोचते. वापरायचाच असेल तर दर आठवड्याला आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. ओरखडा उठला तर ब्रश बाद. लायनहेडच्या आयाळीपुरता तो कामाचा, बाकी गरज पडत नाही.

हातमोजा सशांना आवडतो, कुरवाळल्यासारखा लागतो. नव्या, बुजऱ्या सशाला सवय लावायला उत्तम. पण बोटांत ढिला बसतो, आणि वेल्क्रोत केस भरून तो दोन महिन्यांत चिकटेनासा झाला.

आता रोजची पद्धत. जमिनीवरच बसा, खाली जुना टॉवेल घाला. टेबलावरून ससा उडी मारेल, आणि घाबरून मागचे पाय जोरात झाडले तर त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. त्याच कारणाने त्याला उताणं करू नका. उताणा ससा शांत दिसतो, पण ती भीतीने आलेली निश्चलता असते. तळहात पाण्याने नुसते दमट करा आणि मानेपासून शेपटीकडे चार-पाच वेळा फिरवा. सुटे केस हाताला चिकटतात, हवेत उडत नाहीत. मग रबरी ब्रश, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. शेवटी कंगवा, मुख्यतः पुठ्ठ्यावर (पाठीमागच्या ढुंगणाच्या भागावर) आणि शेपटीच्या मुळाशी. झड बहुतेकदा डोक्याकडून मागे सरकते, आणि तिथे केसांचे पुंजके साठतात. पुंजका दोन बोटांनी धरून बघा: अलगद आला तर तो सुटलेला आहे, कातडी वर उचलली गेली तर सोडून द्या, दोन दिवसांनी आपोआप येईल. दहा मिनिटं पुरे. मोठ्या झडीत रोज, एरवी आठवड्यातून एक-दोनदा.

कंगवा गोल टोकांचा, लांब-आखूड दात आलटून पालटून असलेला घ्या. आतली लव त्यातच येते. घरातली उवांची फणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. तिचे दात इतके जवळ असतात की चांगले केसही ओढले जातात. तळपाय मात्र कशानेच विंचरू नका. सशाला कुत्र्यासारखी पायाची गादी नसते. तिथले केस गेले की तळव्यांना जखमा होतात.

आयाळीत गुंता झाला तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी उकला. कात्री नको, गुंत्याबरोबर कातडी वर येते आणि कापली जाते. अंघोळही नको. भिजलेला ससा लवकर वाळत नाही, गारठतो, आणि धसक्याने जिवावरही बेतू शकतं.

एवढी उठाठेव अंगभर उडणाऱ्या केसांसाठी नाही, सशाच्या पोटासाठी आहे. ससा स्वतःला चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. आतडं चालू राहिलं तर केस लेंड्यांतून निघून जातात. ते मंदावलं की साचतात. म्हणून झडीत सुकं गवत चोवीस तास समोर आणि पाणी उथळ, जड वाडग्यात ठेवा. बाटलीपेक्षा वाडग्यातून ससा जास्त पितो. अननसाच्या रसाने केस विरघळतात ही समजूत चुकीची, वर त्यातली साखर पोटाला त्रासदायक.

रोज सकाळी लेंड्या बघा. केसाने एकमेकींना जोडलेली माळ दिसली तर विंचरणं आणि गवत दोन्ही वाढवा. आकार लहान होत गेला, संख्या घटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडीच पडली नाही, तर रात्र असली तरी थांबू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. बघणाऱ्यांचा नंबर झड सुरू होण्याआधीच शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा.