एकाच खुराड्यातील पाच स्वभाव: परसातील कोंबड्यांचा चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चिपळूण तालुक्यातील आमच्या घरामागच्या परसात कोंबड्या पाळायला घेतल्या, तेव्हा मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होतो, तो म्हणजे वर्षाला अंडी किती मिळतात. कोंबडी रात्री कुठे बसते, मुंगूस दिसल्यावर काय करते, शेजारच्या वाफ्यात शिरते का, हे मी कोणालाही विचारले नाही आणि कोणी आपण होऊन सांगितलेही नाही. चौदा महिन्यांनंतर आमच्या घरात कोंबड्यांविषयी जे काही बोलणे होते, ते जवळजवळ सगळे याच गोष्टींविषयी असते.

सुरुवात अशी होती: महिनाभराची सहा वनराजा, पाच कडकनाथ आणि चार ऱ्होड आयलंड रेड या जातींची पिल्ले, वाडीतून विकत घेतलेल्या तीन मोठ्या गावरान कोंबड्या आणि आत्याने दिलेली असील जातीची एक कोंबडी. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पिल्लांना मिळाली होती, पुढची आठव्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घेतली. एकंदर एकोणीस जीव, जांभ्याच्या गडग्याने वेढलेले चार गुंठे आवार आणि मध्ये एक जुना फणस.

वनराजा ही हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी तयार केलेली जात आहे. स्वभावाने ती इतकी गरीब आहे की कणीचे भांडे वाजताच सगळ्या पायांत येतात आणि चालणे मुश्कील करतात. मात्र हीच तिची अडचण ठरते. ती समोर येईल ते खाते, अंगाने भराभर वाढते आणि मग दांडीवर उडून बसण्याचा तिला कंटाळा येतो. आमच्या वनराजा खुराड्याच्या जमिनीवर तुसातच झोपत. दोन कोंबडे दिवाळीला कापले, ते वजनाला समाधानकारक भरले. चारपैकी दोन कोंबड्या मुंगसाने नेल्या, आणि त्याही भर दुपारी, कारण बाकीच्या फणसावर पोहोचल्या तेव्हा या गडग्याशी उभ्या राहून आश्चर्य करीत होत्या. पहिले काही महिने मी त्यांना हवे तितके खाऊ घातले, ही चूक झाली. चरबी चढलेली कोंबडी अंड्यावर उशिरा येते. डिसेंबरपासून दिवसभर मोकळे चरणे आणि संध्याकाळी मोजून मूठभर दाणे एवढेच ठेवल्यावर उरलेल्या दोघी सुधारल्या.

कडकनाथ याच्या नेमकी उलट. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील या पक्ष्याच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी इतके काही बोलले जाते की प्रत्यक्ष पक्षी बाजूलाच राहतो. एक गैरसमज आधी दूर करतो: त्वचा, मांस, जीभ आणि हाडांवरील आवरणदेखील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काळे असते, परंतु अंडे काळे नसते, ते फिकट बदामी आणि आकाराने लहान असते. आमच्या पाचांपैकी एकीचा तुरा तिसऱ्या महिन्यात लालभडक झाला, तेव्हा विक्रेत्याने भेसळ केल्याचे कळले. पिल्ले घेताना जीभ आणि तळपाय पाहून घ्यावेत.

स्वभावाने कडकनाथ सदा बिथरलेला असतो. तो हातात येत नाही, माणसापासून चार हात अंतर ठेवतो आणि जूनच्या धो धो पावसातही खुराडे सोडून फणसाच्या दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. पहिले दोन आठवडे मी रोज अंधार पडल्यावर शिडी लावून त्यांना एकेक उतरवीत असे. अंधारात कोंबडी निमूट हाती येते, हा त्यातला एकमेव दिलासा होता. शेवटी एका बाजूच्या पंखाची मोठी पिसे कातरली, तेव्हा उड्डाण थांबले. अंडी शोधण्याचा व्याप निराळाच. खोके, टोपली, गवताचे घरटे सगळे नाकारून त्यांनी पेंढ्याच्या उडवीमागे जागा केली होती आणि तिथे मला एकदम चौदा अंडी सापडली, त्यातली किती ताजी हे देवच जाणे.

तरीही कडकनाथ मी सोडणार नाही, कारण आमच्या परसाचा राखणदार तोच आहे. शिकरा वर घिरट्या घालू लागला की तो एकच लांब, बारीक सूर काढतो आणि सगळे पक्षी झुडपाखाली थिजतात. जमिनीवरून काही येत असेल तर तुटक, वाढत जाणारी कटकट सुरू होते आणि सगळे वर उडतात. हे दोन आवाज आता आईला इतके पाठ झाले आहेत की ती चुलीपुढून न उठता "मुंगूस आलं बघ" म्हणून मला हाक मारते आणि बहुतेक वेळा बरोबर ठरते.

ऱ्होड आयलंड रेडविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्यांचे सगळे उघड्यावर असते. सप्टेंबरअखेर अंड्यावर आल्या, तिघींनी मे महिन्यापर्यंत 371 तपकिरी अंडी दिली, तीही ठरवून दिलेल्या खोक्यात, आणि एकही खुडूक, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला, बसली नाही. अंडी हाच हेतू असेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही. फक्त त्या दांडगट आहेत. मिरचीचा वाफा दोनदा उकरला आणि कडकनाथांना खाण्यापासून हुसकावणे हा त्यांचा नित्यक्रम आहे. त्यांच्यातला कोंबडा तर पाठ वळताच पोटरीवर झेप घेत असे; त्याने आईला रक्त काढल्यावर तो आम्ही देऊन टाकला.

कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते हे 1921 मध्ये एका नॉर्वेजियन संशोधकाने मांडले होते. आमच्याकडे त्या उतरंडीच्या वरच्या टोकाला आकाराने सर्वांत लहान असलेली खैरी गावरान बसली. तिला फारसे भांडावे लागत नाही, मान ताठ करून एकदा पाहिले की दुप्पट वजनाची वनराजा बाजूला होते. गावरान कोंबड्यांची तक्रार एकच, दर बारा-पंधरा अंड्यांनंतर त्या खुडूक बसतात. थंड पाण्यात बुचकळण्याचा जुना उपाय मला क्रूर वाटतो. तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन दिवस ठेवले, म्हणजे पोटाखालून वारा लागतो आणि खुडूक मोडते.

राहिली असील. ही झुंजीची जात असल्यामुळे घेताना मी धास्तावलो होतो. माणसाशी ती विलक्षण शांत आहे. उचलून काखेत घेतली तर डोळे मिटते. दुसऱ्या कोंबडीने मात्र तिच्या खाण्यात चोच घातली की रक्त निघेपर्यंत सोडत नाही, म्हणून तिचे भांडे वेगळे ठेवावे लागते. अंडी ती फारच थोडी देते. पण फेब्रुवारीत ती खुडूक बसली, तेव्हा तिच्याखाली मी कडकनाथची अकरा अंडी ठेवली, कारण कडकनाथ स्वतः सहसा उबवीत नाही. एक अंडे तिच्याच वजनाने फुटले. सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडात धरून पाहिले तेव्हा आठांमध्ये वाढत्या गर्भाच्या लाल शिरांचे जाळे दिसले आणि दोन कोरी निघाली. ती दिवसातून एकदाच पाव तासासाठी उठे, धुळीत लोळे, पाणी पिई आणि परत बसे. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली. पाच निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे असलेली, आणि दोन तांबूस, ज्यांच्या बापाविषयी घरात अजून मतभेद आहेत.

त्यानंतरचा महिना मी पडवीत बसून बरेचसे तेच पाहिले. वाळवीचे ढेकूळ फोडून ती एकेक किडा चोचीत उचले, पुटपुटत पुन्हा खाली टाके, आणि सातही पिल्लांनी वेचल्यावरच उरलेले खाई. एकदा मुंगूस गडग्यावर आले तेव्हा कडकनाथ ओरडला, सगळे पांगले, पण ती पिल्लांना सोडून हलली नाही. मान खाली आणि पिसे फुलवून दोन पावले पुढेच गेली, आणि मुंगूस आल्या वाटेने परत फिरले.

या पावसाळ्यासाठी वनराजा नव्याने घेतलेल्या नाहीत. तिन्ही ऱ्होड आयलंड रेड राहतील, असील आणि गावरान राहतील, आणि कातरलेली पिसे झडून नवी आल्यामुळे कडकनाथ गेल्या आठवड्यापासून पुन्हा फणसावर जाऊ लागले आहेत. शिडी पडवीतच ठेवली आहे.