बावीस लाखांची बोट आणि दोन पायऱ्यांची शिडी (दसरा ते मे, ११८ तास वापरून झाल्यावर)

लांबी, रुंदी, सीसी वगैरे तुम्ही ब्रोशरमध्ये वाचलेलंच असणार, ते परत टाइप करत नाही. १९ फुटी देशी एफआरपी (फायबरग्लास) हल म्हणजे बोटीचं अंग, मागे यामाहाचं ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन), वर टो टॉवर, त्याला दोरी बांधायची आणि बोर्डवाल्याला (पायात बोर्ड अडकवलेल्या माणसाला) पाण्यावरून ओढायचं, म्हणजेच वेकबोर्डिंग. २०२५ च्या दसऱ्याला नारळ फोडून पाण्यात सोडली, मे अखेरीला बाहेर काढली. लिहायचं कधीचं डोक्यात होतं पण कंटाळा. परवा डीलरकडून एक कुरिअर आलं, ते उघडलं आणि म्हटलं आता लिहायचंच. त्यात काय होतं ते शेवटी.

मेव्हण्याचं इगतपुरीच्या बाजूला बॅकवॉटरला लागून कृषी पर्यटन आहे, परवानग्या, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं त्याने केलं (तो एक वेगळाच जन्म आहे, त्यावर नाही लिहीत), पैसे अर्धे-अर्धे. माझं नाशकात हार्डवेअरचं दुकान. नट-बोल्ट विकून घर चालतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घ्यायच्या आधी चार महिने नुसते भाव काढले. खरी वेकबोट (वेक म्हणजे बोटीमागे उठणारी लाट, बोर्डवाल्याला तीच हवी असते) म्हणजे इनबोर्ड, मास्टरक्राफ्ट, मालिबू, नॉटिक ह्या लायनीतली. इंजिन पोटात, पंखा हलच्या खाली, पाण्याच्या टाक्या भरल्या की बोट मागे बसते आणि भिंतीसारखी लाट उठते. पण अमेरिकेतच साधी इनबोर्ड आता लाख डॉलरच्या आसपास जाते, वरची मॉडेलं दोन-तीन लाख डॉलर, त्यावर जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी, मग जीएसटी. कॅल्क्युलेटरवर आकडा बघून मेव्हणा म्हणाला यात पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट येतात. विषय संपला. मुंबईकडे एक जुनी इनबोर्ड होती, २००८ ची, सत्तावीस लाख मागत होते आणि सीटा फाटलेल्या. जेट स्की पण बघितली, ओढते छान, पण मागे बघणारा माणूस बसवा, बोर्डवाल्याला परत घ्यायला जागा ठेवा, मग उरलं काय?

तर देशी बोट. ऑगस्टमध्ये कोटेशन आलं, बोट, इंजिन, टॉवर धरून सोळा लाख अधिक टॅक्स, तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस. आम्ही म्हटलं दसऱ्याचा मुहूर्त धरू, तोवर जीएसटी कमी होतोय अशी हवाच होती. झाला ना कमी! २२ सप्टेंबरपासून गाड्या स्वस्त, टीव्ही स्वस्त, आणि मौजेच्या बोटी सरळ ४० टक्क्यांत. म्हणजे ३१ चे ४०, सोळा लाखांवर एक लाख चव्वेचाळीस हजार जास्त, मुहूर्ताचे. बायको अजून दर सणाला आठवण करून देते.

आता चालवायला कशी. पहिल्या महिन्यात मी खट्टू होतो. डीलरने दिलेला पंखा १९ पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे ढकलेल ते), दोन-तीन माणसं असली की झकास, पण सहा जण बसवून मागे भारी माणूस बोर्डवर असला की बोट नाक वर करून नुसती नांगरत बसायची, पूर्ण थ्रॉटलला ४९०० आरपीएमच्या वर जात नव्हती. ह्या इंजिनला पूर्ण थ्रॉटलला त्याहून जास्त मिळायला पाहिजेत. १७ पिचचा पंखा टाकला, आता ५३०० जातं आणि माणूस पाण्यातून पटकन वर येतो. घेतानाच १७ मागा, टॉप स्पीड थोडा कमी होतो पण वेकबोर्डला ताशी ३०-३५ किलोमीटरच्या वर जायचंय कुणाला? नवशिक्याला तर २५-२८ पुरे. पेट्रोल तासाला सरासरी चौदा लिटर, म्हणजे ११८ तासांचे साडेसोळाशे लिटर, लिटरला शंभराच्या वर भाव, करा गुणाकार, मी एकदाच केला.

लाट मात्र लहान. ३४० लिटरची बॅलास्ट बॅग (बोट जड करायला पाणी भरायची पिशवी) आणली, बिल्ज पंपाने (बोटीतलं पाणी उपसायचा पंप) सहा-सात मिनिटांत भरते, लाट बरी होते. पण बॅगेचं वजन माणसांच्या वजनातच धरायचं, बॅग भरली की चार माणसं काठावर. म्हणून आता दोन भारी मेव्हणे मागे बसवतो, पंप लावायला नको, आणि तेच मागून सूचना पण देतात.

पोराला वेकसर्फिंग करायचं होतं, त्याला स्पष्ट नाही सांगितलं. वेकबोर्डवाला साठ-पासष्ट फूट दोरीवर असतो, सर्फवाला बोटीच्या शेपटाशी आठ-दहा फुटांवर, आणि आउटबोर्डचा पंखा तिथेच उघडा फिरतोय. कोणी डीलर चालतं म्हणाला तर दुकानातून उठा.

आता शिडी.

ब्रोशरमध्ये एक ओळ आहे, स्विम लॅडर स्टँडर्ड. मी पण वाचली होती आणि पुढे गेलो होतो. घडी घालायची, चकचकीत, दोन पायऱ्या. उघडल्यावर खालची पायरी पाण्याखाली किती जाते माहितीये? वीतभर. नऊ इंच, टेपने मोजलंय. वेकबोर्डिंगमध्ये माणूस पडतो, त्याच कामाचे पैसे आहेत, दहा मिनिटांत चारदा पडतो, हात गळून जातात, जॅकेट छातीला फुगलेलं, आणि त्याने गुडघा कानाला लावून त्या पायरीवर पाय ठेवायचा. फेब्रुवारीत माझा मावसभाऊ, ९६ किलो, गोदावरीत उड्या मारून वाढलेला, पट्टीचा पोहणारा, तीन राउंड झाल्यावर शिडीला लटकला आणि वर येईना. पाय बोटीच्या खाली तरंगत जायचे आणि हा उताणा. इंजिन बंद, वारा बोटीला काठच्या झाडांकडे नेतोय, आम्ही दोघांनी जॅकेटचे पट्टे धरून त्याला म्हशीसारखा ओढून घेतला. वीस मिनिटं. वर आल्यावर तो काही बोलला नाही, डबा उघडून दोन थालीपीठं खाल्ली आणि म्हणाला, मी आता काठावरच बसतो.

डीलरला फोन केला. "सर, ती युरोपियन स्टाईल आहे." मी म्हटलं युरोपातली माणसं काय बेडकासारखी चढतात का. मग म्हणे चार पायऱ्यांची टेलिस्कोपिक शिडी ऑप्शन म्हणून आहे, साडेएकवीस हजार, टॅक्स वेगळा, कुरिअर वेगळं. आणि बाहेरून बसवली, भोक पाडलं, तर हलची वॉरंटी गेली. चौदा मेल, नऊ फोन, एक वकील मित्र, उपयोग शून्य.

शेवटी अंबडला एक फॅब्रिकेटर आहे, वायनरीच्या टाक्यांना एसएसच्या शिड्या करतो, त्याच्याकडे जुनी शिडी घेऊन जायचं ठरलं. जुनी भोकंच वापरायची म्हणजे वॉरंटीचा प्रश्न नको. शिडी काढायला मी पाना लावला तर चार बोल्टपैकी दोनच बोल्ट. बाकी दोन स्क्रू. साधे लाकडाचे स्क्रू! वॉशर नाही, मागे प्लेट नाही, नुसते एफआरपीत पिळून घातलेले, एक तर बोटाने फिरत होता, बाहेर आला तो ओला आणि टोकाला तपकिरी. शेकड्याने विकतो हो मी हे स्क्रू, काय भाव असतो मला विचारा. ज्या जागेला ९६ किलोचा माणूस लटकला होता तिथे हे.

त्या रात्री मला झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी दुकान पोरावर टाकून सगळी बोट पाना घेऊन तपासली. टॉवरच्या पायांना मागे प्लेटा होत्या, नायलॉक नट होते, तिथे चोख काम. दोरीची सगळी ओढ टॉवरवरच येते, तिथे स्क्रू निघाले असते तर बोट ट्रेलरवर टाकून थेट त्यांच्या गेटवर नेली असती. रेलिंगला दोन ठिकाणी मात्र परत तेच स्क्रू.

अंबडवाल्याने ३१६ ग्रेडच्या एसएसच्या २५ एमएम पाइपची चार पायऱ्यांची शिडी केली, पायऱ्या रुंद, खालची पायरी पावणेदोन फूट पाण्यात. चार हजार दोनशे, पॉलिश धरून. मागून प्लेट टाकली, भोकं वाळवून मरीन सीलंट भरलं (बाथरूमचं सिलिकॉन नाही, कृपा करून). एप्रिलमध्ये माझी सासू, वय ६७, हौस म्हणून पाण्यात उतरली आणि स्वतः चढून वर आली. सगळ्या बोटीत मला आता सर्वात जास्त आवडणारी वस्तू ती शिडी आहे.

एका बाबतीत मत बदललंय. पहिले तीन महिने मी रोज त्या जुन्या इनबोर्डचे फोटो बघायचो, सत्तावीस लाख गेले असते तर गेले असते असं वाटायचं. मेमध्ये पाणी इतकं मागे गेलं की मुरमाचा रॅम्प संपून पुढे पन्नास फूट नुसता गाळ, बोट काढताना खाली गुडघाभर पाणी. बटण दाबून इंजिन वर उचललं आणि दोघांनी ढकलत ट्रेलरपर्यंत आणली, पुढे ट्रॅक्टर. इनबोर्डचा पंखा आणि रडर हलच्या खाली, उचलायची सोयच नाही, ती तिथेच पावसाची वाट बघत बसली असती. इंजिनबद्दल तक्रार शून्य. २० तासांची आणि १०० तासांची सर्व्हिस वेळेवर केली, शेवाळ अडकून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार एकदाच बारीक झाली, तारेने भोक साफ केलं, झालं. धारेकडे सतत लक्ष ठेवायचं काम सासूबाईंकडे आहे, त्या तिला जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

कुरिअर. स्क्रूचे फोटो मी मार्चमध्ये पाठवले होते, सोबत दोन्ही स्क्रू झिपलॉकमध्ये. तीन महिने सामसूम. परवा डबा आला, आत "आपल्या विश्वासाबद्दल आभार" असं कार्ड, एक तरंगणारं कीचेन आणि कंपनीच्या नावाची टोपी. पहिली टोपी त्यांनी दसऱ्यालाच घातली होती, ही दुसरी. मेव्हण्याला फिट बसली, सध्या तो ती घालून ताडपत्रीखाली उंदीर शिरलेत का बघत असतो.