जुन्या वर्ड फाईली नव्या फॉरमॅटमध्ये: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि तारखांचा घोळ)

एक जुना कॉम्प्युटर मी केवळ एका कामासाठी जिवंत ठेवला होता: जुन्या फाईली उघडायला. विंडोज एक्सपी, त्यावर ऑफिस २०००. वर्षातून चार-पाच वेळा चालू व्हायचा, कुरकुरत का होईना काम करायचा. आठ महिन्यांपूर्वी बटण दाबलं, पंखा एकदा फिरला आणि थांबला तो थांबलाच. मशीन गेलं, हार्ड डिस्क वाचली. ती लॅपटॉपला जोडून मोजलं तर २,१०० च्या आसपास फाईली निघाल्या. बहुतेक डॉट डॉक (वर्डचा जुना फॉरमॅट), शंभरेक वर्डपरफेक्टच्या, मूठभर मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या आणि एका फोल्डरात वर्डस्टारच्या चाळीसेक; हे तिन्ही लिखाणाचे जुने प्रोग्रॅम.

वर्ड ९७ ते २००३ मधल्या फाईली नव्या वर्डमध्ये उघडतात, वर 'कम्पॅटिबिलिटी मोड'ची पाटी लागते एवढंच. त्याहून जुन्या, म्हणजे वर्ड ६ किंवा ९५ च्या, सुरक्षेसाठी अडवल्या जाऊ शकतात. वर्डच्या सेटिंगमधल्या ट्रस्ट सेंटरच्या 'फाईल ब्लॉक'मध्ये जाऊन ते सैल करता येतं. पण एकेक फाईल उघडा, 'कन्व्हर्ट' दाबा, सेव्ह करा, हे २,१०० वेळा कोण करणार? आधी आळस केला आणि पैसे देऊन मिळणाऱ्या एका कन्व्हर्टरची ट्रायल घेतली. नाव घेत नाही. ट्रायलमध्ये प्रत्येक फाईलचं पहिलंच पान कन्व्हर्ट होतं, हे त्यांनी कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं. सपोर्टला तीन मेल केले, तिन्हींना तेच छापील उत्तर आलं. फुकटातलं काही मिळतंय का ते आधी बघायचं, हा आपला जुना नियम मोडला की असं होतं.

मग लिबरऑफिस, म्हणजे फुकटातलं ऑफिस. वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, ते खिडकी न उघडता, 'हेडलेस' चालवता येतं. कमांड लाइनवर एक ओळ लिहायची, कन्व्हर्ट-टू म्हणायचं, अख्खं फोल्डर द्यायचं. दोन गोष्टी मात्र आधी सांगतो. एक, लिबरऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर ही कमांड बरेचदा काहीच न करता परत येते. मी अर्धा तास कमांडमधली चूक शोधत होतो आणि मागे एक रिकामं डॉक्युमेंट उघडं होतं. दुसरी गोष्ट महागात पडली. एकाच फोल्डरात 'अहवाल' नावाची एक डॉट डॉक आणि त्याच नावाची एक वर्डपरफेक्टची फाईल होती. दोघींचं डॉकएक्स (वर्डचा नवा फॉरमॅट) झाल्यावर नाव एकच. दुसरी पहिलीच्या उरावर बसली. स्क्रीनवर 'ओव्हररायटिंग' अशी ओळ येऊन गेली होती म्हणा, पण शेकडो ओळी सरकत असताना ती वाचतो कोण? चूक माझीच. मूळ फाईली वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून जीव भांड्यात पडला. नंतर प्रत्येक प्रकाराला वेगळं आउटपुट फोल्डर दिलं.

निकाल? अपेक्षेपेक्षा खूपच चांगला. तळटीपा जागच्या जागी. टाइम्स न्यू रोमन फाँट नसेल तिथे लिबरेशन सेरिफ हा फाँट येतो, त्याच्या अक्षरांची रुंदी तंतोतंत तेवढीच असल्यामुळे ओळीसुद्धा तिथेच तुटतात. जुनी गणिती समीकरणंही बहुतेक शाबूत आली. ज्या इक्वेशन एडिटरवर ती बनली होती तो वर्डमधून जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणाने काढून टाकला गेला, त्यामुळे याची मला सर्वात जास्त धास्ती होती. वर्क्सच्या फाईली तर मी मेलेल्याच धरल्या होत्या, त्या पहिल्या फटक्यात उघडल्या. दोन महिने मी सगळ्यांना 'लिबरऑफिस आंधळेपणाने घ्या' असं सांगत फिरत होतो.

आणि मग एक जुनं पत्र शोधायची वेळ आली.

माझी सवय अशी की फाईल नावाने नाही, तारखेने शोधतो. नावं सगळी 'पत्र१', 'पत्र-नवीन', 'पत्र-नवीन-अंतिम' अशी. फोल्डर तारखेप्रमाणे लावलं तर सगळ्या फाईली एकाच दुपारच्या! साहजिकच आहे, नवी फाईल त्या दिवशी जन्मली म्हणजे तिच्यावर त्या दिवसाचीच तारीख पडणार. म्हटलं ठीक आहे, पत्र उघडून आतली तारीख बघू. उघडलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती आजची. खाली मजकूर: 'काल फोनवर बोलल्याप्रमाणे मसुदा सोबत जोडत आहे.' कालचा फोन! ज्या नंबरवर तो झाला असेल तो कधीच बंद झालाय.

यात कन्व्हर्जनचा काडीचा दोष नाही. तेव्हा मी 'इन्सर्ट, डेट अँड टाइम'मध्ये जाऊन 'अपडेट ऑटोमॅटिकली'वर टिक करायचो, हुशारी म्हणून. अशा वेळी फाईलमध्ये पक्की तारीख बसत नाही, 'इथे आजची तारीख दाखव' अशी सूचना बसते. पंचवीस वर्षांनी उघडा, आजचीच दाखवते. म्हणजे तेव्हा मला वाटलं, त्या पत्राचा दिवस सांगणारा एकमेव साक्षीदार होता फाईलवरचा 'मॉडिफाइड'चा शिक्का, आणि माझ्या नव्या, सुंदर डॉकएक्सवर तो नव्हता. मी मोजली, अशी पत्रं १८६ निघाली. इतरांना हा बारीकसा मुद्दा वाटेल. मला तेवढ्यावरून आठवडाभर झोप लागली नाही, आणि या अनुभवाला मी मनात दिलेल्या पाच ताऱ्यांतले दोन याच एका गोष्टीने कापले होते.

आता एक कापलेला तारा परत देतो. त्याची कारणं दोन. डॉट डॉकच्या पोटात प्रॉपर्टीजमध्ये 'क्रिएटेड'ची वेगळी तारीख असते, ती डॉकएक्समध्ये टिकून आलेली दिसली. डॉकएक्स ही मुळात झिप, म्हणजे अनेक फाईलींचं एक गाठोडं असते. एक्स्टेंशन (नावाचं शेपूट) बदलून झिप केलं की आत 'डॉकप्रॉप्स' फोल्डर दिसतं, त्यातल्या 'कोअर' नावाच्या फाईलमध्ये ती तारीख साध्या मजकुरात वाचता येते. दुसरं, बाहेरचा शिक्काही मूळ फाईलवरून नव्या फाईलवर चढवता येतो. लिनक्सवर 'टच' कमांडला मूळ फाईल संदर्भ म्हणून द्यायची, विंडोजवर पॉवरशेलमध्ये (तिथली कमांड लिहायची खिडकी) 'लास्टराइटटाइम' उचलून ठेवायचं. दोन ओळींचं काम. मात्र मूळ फाईली हव्यात. कन्व्हर्ट झाल्या म्हणून डिलीट करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

वर्डस्टार हे वेगळंच प्रकरण. लिबरऑफिसकडे त्याचा इलाज नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलं तर इंग्रजी मजकूर जवळजवळ वाचता येतो, पण बहुतेक शब्दांचं शेवटचं अक्षर बिघडलेलं. जिथे शेवटी 'आर' हवा तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ओ', जिथे 'ई' हवी तिथे टिकली लावलेला 'ए'. आधी वाटलं डिस्क सडली. तसं नव्हतं. ओळ जुळवताना शब्द कुठे संपतो ते कळावं म्हणून वर्डस्टार शेवटच्या अक्षराचा आठवा बिट (अक्षर साठवणाऱ्या आठ ०-१ खुणांपैकी एक) चालू करून ठेवायचा; इंग्रजी अक्षरांना सातच बिट पुरायचे, आठवा रिकामाच होता. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून सगळ्या बाइटमधला (आठ बिटांच्या गटांमधला) तो बिट बंद केला आणि चाळीस फाईली डोळ्यांसमोर नीट झाल्या. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी (नवं पान वगैरे सांगणाऱ्या) हाताने काढल्या. या आठ महिन्यांतला सर्वात आनंदाचा तास तो.

मराठी फाईलींचं दुखणं याहून जुनं. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं डॉकएक्स केलं तरी आत इंग्रजीचेच कोड राहतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. फाँट नसेल तर सगळा गिचमिड. त्यासाठी फाँट कन्व्हर्टर वेगळा लागतो आणि त्याची कसोटी ऱ्हस्व वेलांटीवर होते: जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. रफार उलटा, आधी यायला हवा तो नंतर टाइप केलेला. त्यात एकाच ओळीत इंग्रजी शब्द असेल तर तोही देवनागरी समजून चिरडला जातो. फाँट बघून तुकडे पाडणारा कन्व्हर्टर असेल तरच हात लावा. माझ्या तीनशेएक मराठी फाईली अजून रांगेत आहेत, रोज दोन-तीन तपासतो.

तारखांचं काम मात्र गेल्या महिन्यात पुरं झालं. सगळे शिक्के मूळ फाईलींवरून चढवले, फोल्डर तारखेप्रमाणे लावलं आणि समाधानाने वरून खाली बघायला लागलो. सर्वात वर वर्डपरफेक्टच्या सतरा फाईली, सगळ्या १ जानेवारी १९८० च्या. ज्यात त्या लिहिल्या ते वर्डपरफेक्ट ५.१ तर बाजारात आलं १९८९ मध्ये. डॉसचं (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं) कॅलेंडरच १ जानेवारी १९८० पासून सुरू होतं. मशीनमधला सेल मेला की घड्याळ त्याच दिवसावर यायचं, चालू होताना डॉस तारीख विचारायचं आणि आपण एंटर दाबून पुढे जायचो. म्हणजे ज्या शिक्क्यांसाठी आठवडाभर झोप घालवली त्यातले सतरा मी स्वतःच एंटर दाबून खोटे मारलेले. तेही इमानदारीने नव्या फाईलींवर चढवले आहेत.