लायट्रो वापरून आठ महिने झाले

लायट्रो ही कॅमेरे बनवणारी कंपनी 2018 मध्येच बंद झाली. तिचा 2012 चा पहिला कॅमेरा मी जुन्यात घेतला तेव्हा बायकोने विचारलं, "कॅमेरा आहे की टॉर्च?" चौकोनी नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड इंचाचा पडदा. प्रश्न रास्तच होता.

फोटो काढून झाल्यावर फोकस ठरवायचा, हे याचं काम. साध्या कॅमेऱ्याला एका ठिपक्यावर किती प्रकाश पडला एवढंच कळतं, तो कुठून आला हे नाही. इथे सेन्सरवर लाखाहून जास्त सूक्ष्म भिंगं बसवली आहेत. प्रत्येकाखाली साधारण दहा बाय दहा पिक्सेल, आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल मुख्य भिंगाच्या वेगळ्या भागातून आलेला प्रकाश टिपतो. म्हणजे एकाच दृश्याकडे डोकं जरा-जरा हलवून पाहिल्यासारखी कितीतरी चित्रं एका फाइलीत. ती सरकवून एकमेकांवर ठेवली की जवळचं स्पष्ट होतं, वेगळ्या मापाने सरकवली की लांबचं. लायट्रोचे संस्थापक रेन एन्ग यांचा स्टॅनफर्डमधला 2006 चा प्रबंध यावरच आहे; मूळ कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांची, 1908 ची. (त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी!)

दिशा हवी तर बारकावे सोडावे लागतात. सेन्सर 1 कोटी 10 लाख किरण टिपणारा, हाती येतो 1080 बाय 1080 चा चौकोन. मोठी प्रिंट विसरा.

पहिले दोन महिने मी फुकट घालवले. पर्वतीवर चढून पुण्याचे देखावे काढत बसलो. सगळंच लांब, तर फोकस हलवणार कुठे? डोक्यात प्रकाश पडला दिवाळीत. पहिली पणती भिंगापासून वीतभर, मागे उंबऱ्यापर्यंत ओळ, शेवटी आजी. पणतीवर क्लिक केलं की आजी धूसर, आजीवर केलं की ज्योतीचा नुसता गोळा. अंधारामुळे दाणे आले, तरी आठ महिन्यांतला हाच माझा सर्वात आवडता फोटो.

फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये हेच मिळतं, असं मित्र म्हणतात. पूर्ण खरं नाही, पण नातं आहे. गूगलच्या 2017 च्या पिक्सेल 2 या फोनमध्ये सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला होता. भिंगाची डावी-उजवी बाजू वेगळी दिसायची आणि त्यावरून अंतर काढलं जायचं. तिथे दोनच चित्रं, इथे शंभराच्या आसपास.

घेणार असाल तर संगणकावरचं सॉफ्टवेअर चालतंय ना, ते आधी पाहा. बॅटरीही तपासा, ती आत बंद आहे.